शिक्षा संपल्यानंतरची वर्षं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना पुन्हा उभं कसं करायचं याबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक आयांची, बहिणींची, बायकांची. मी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही सुटून आलेले बंदी आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे याचं नवल वाटलं नाही. सुटका एकाची होते, कचेऱ्यांचे हेलपाटे घरातल्या बाईच्या वाट्याला येतात. कुणाचंही नाव-गाव छापलेलं नाही, पत्रंही थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती. ती पूर्ण भोगून तो घरी आलाय. आत सुतारकाम शिकला. इथे आल्यावर एका सिक्युरिटी एजन्सीत गेला, तर पोलीस पडताळणीनंतर त्यांनी नाही म्हटलं. आता एका कंपनीच्या फॉर्मवर ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा सिद्ध झाला आहे काय?’ असा रकाना आहे. घरातले म्हणतात, सरळ ‘नाही’ लिही. काय करावं?

उत्तर : ‘नाही’ लिहू नये. हे मी नीतीचा धडा म्हणून सांगत नाही, अनुभवानं सांगते. खोटं पुढे उघडं पडतं तेव्हा जुना गुन्हा बाजूला राहतो आणि फसवणूक हेच नोकरी जाण्याचं कारण ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला आहे. वाद सरकारी नोकरीचा होता, पण त्यातून सगळ्यांनीच घेण्यासारखं बरंच आहे. तरुण वयातली अगदी किरकोळ बाब लपवली गेली असेल, तर मालक ती पोटात घालू शकतो. गंभीर प्रकरण दडवलं असेल, तर तेवढ्यावरून काढून टाकता येतं. आणि जे विचारलंच नव्हतं ते सांगितलं नाही म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही.

म्हणून भावाला रकाना शब्दशः वाचायला सांगा. ‘गुन्हा सिद्ध झाला आहे काय’, ‘गुन्हा नोंद आहे काय’ आणि ‘खटला प्रलंबित आहे काय’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यावं. सोबत एक फाइल ठेवावी : निकालाची प्रत, सुटकेचा कागद, सुतारकामाचं प्रमाणपत्र आणि गावातल्या एखाद्या भल्या माणसाचं पत्र. पोलीस पडताळणीतून कळण्याआधी त्यानं स्वतः सांगितलेलं बरं. अर्थात, खरं सांगितल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही. त्याच निकालात असंही म्हटलंय की खरं सांगणाऱ्यालाही नेमण्याची सक्ती मालकावर नाही.

सिक्युरिटी एजन्सीच्या माणसांवर मात्र राग धरू नका. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ साली केंद्राचा कायदा झाला, त्याच्या दहाव्या कलमात लिहिलंय की न्यायालयानं दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येणार नाही. गुन्हा कोणता, त्याला किती वर्षं झाली, यातलं काहीही ते कलम विचारत नाही. मुदत नाही.

आता याच्या शेजारी दुसरे कायदे ठेवून पाहा. दोन किंवा जास्त वर्षांची शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी आमदारकी-खासदारकीची निवडणूक लढवू शकतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमातला हा सर्वसाधारण नियम आहे. सहा महिने किंवा जास्त शिक्षा झालेला माणूस शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी कंपनीचा संचालक होऊ शकतो, कायमची मनाई फक्त सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेला आहे. पासपोर्टच्या कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा झाली असेल, तर त्या कारणानं पासपोर्ट नाकारायला दोषी ठरल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे मुदत कशी घालायची हे आपल्या कायद्याला चांगलं ठाऊक आहे. विधानसभेत बसायला मुदत आहे, संचालक मंडळात बसायला मुदत आहे, आणि गेटवर रात्रपाळी करायला आयुष्यभराची मनाई. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच शेवटची तारीख लिहायची राहून गेली. मला हे फार लागतं. या सदरात मला सांगायचंय तेही हेच : न्यायालय शिक्षेची सुरुवात आणि शेवट ठरवून देतं, तसा बाहेरच्या मनाईचाही शेवट कायद्यात लिहिलेला हवा.

हे काही स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. ठरावीक काळ माणूस सरळ राहिला की जुनी शिक्षा ‘मावळली’ असं धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. २०२३ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या मुदती आणखी कमी केल्या. वर्षभरापर्यंतची शिक्षा संपल्यानंतर एका वर्षानं मावळते, त्यापुढची चार वर्षांपर्यंतची असेल तर चार वर्षांनी. लहान मुलांसोबतच्या कामासारख्या काही जागांना ही सवलत नाही. तसा अपवाद हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. अल्पवयीनांसाठी आहे : २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार लहानपणीच्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, अपवाद सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा खटला चालला असेल तर. निकाली निघालेल्या प्रकरणात पोलिसांनी ती नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही, हेही त्यात आहे. १९५८ चा परिवीक्षा कायदाही आहे. त्यात तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मी ज्या कायद्याखाली आयुष्यभर काम केलं तो हाच. न्यायाधीशांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून हा कायदा मोकळ्या हातानं वापरला, तर कितीतरी पोरं बराकीचं दार न पाहताच मार्गी लागतील. उलट २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्यानं बोटांचे ठसे, बुबुळं, छायाचित्रं अशा नोंदी ७५ वर्षं जपायला सांगितलंय. त्या तपास यंत्रणांसाठी आहेत, मालकासाठी नाहीत, हे खरं. तरी अठराव्या वर्षी घेतलेला ठसा माणूस त्र्याण्णव वर्षांचा होईपर्यंत फाइलीत राहणार.

भावासाठी तातडीचं सांगते. रक्षकाच्या नोकरीमागे लागू नका. सुतारकाम हातात आहे, ते सोडू नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटा आणि मुक्त बंद्यांना स्वतःचा धंदा उभा करायला मिळणाऱ्या अनुदानाचा अर्ज मागा. अर्जासोबत सुटकेचा कागद लागेल. तो हरवला असेल तर ज्या कारागृहातून सुटला तिथूनच तो पुन्हा मिळवावा लागतो.

प्रश्न : माझे मालक पुढच्या महिन्यात सुटणार आहेत. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला बाबा परगावी कामाला आहेत असं सांगितलंय. आधीपासून काय तयारी करू?

उत्तर : सगळ्यात आधी त्यांच्यावर दुसरी एखादी केस किंवा जुनं वॉरंट बाकी नाही ना, हे वकिलाकडून पाहून घ्या. सुटकेच्या दिवशी गेटवरच दुसऱ्या केसमध्ये ताब्यात घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. घरच्यांची ती अवस्था बघवत नाही. दंड भरायचा राहिला असेल आणि ऐपत नसेल, तर गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे. त्यात शिक्षाबंद्याच्या दंडासाठी आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते. २०२३ साली तिची मर्यादा दंडासाठी २५,००० आणि जामिनासाठी ४०,००० रुपये ठरली होती. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

निघताना सुटकेचा कागद, मजुरीचे आणि मनीऑर्डरचे शिल्लक पैसे आणि दवाखान्याचे कागद घेऊनच बाहेर पडायला सांगा. टीबीची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल आणि सुटल्यावर आठवडाभर खंड पडला, तर आत केलेली सगळी मेहनत वाया जाते. रेशनकार्डावर त्यांचं नाव राहिलंय का, बँकेचं खातं चालू आहे का, आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाकडे आहे, हे आत्ताच पाहून ठेवा. मतदार यादीतलं नाव वगळलं गेलं असेल तर सहा नंबरचा फॉर्म भरायचा. मतदानाची मनाई तुरुंगात असेपर्यंतच असते. सुटलेल्या माणसाला तो हक्क आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

मुलीला आधी सांगा, त्यांनी येण्याआधी. शाळेत दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर ती तुमच्यावर रागावेल. ‘बाबांच्या हातून एक चूक झाली, त्याची शिक्षा त्यांनी भोगली, आता ते आपल्याकडे येतायत’, एवढं आठ वर्षांच्या मुलीला समजतं. पहिले काही दिवस पाहुण्यांची वर्दळ नको. रात्रभर दिवा जळणाऱ्या बराकीत झोपायची सवय लागलेल्या माणसाला घरचा अंधार लवकर मानवत नाही.

तुमच्या पत्रावरून मला एक वेगळीच गोष्ट आठवली, ती इथेच लिहिते. पुरुषांच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत बायका उन्हातान्हात उभ्या असतात. बायकांच्या तुरुंगाबाहेरची रांग फार आखूड असते. बाई सुटते तेव्हा सासर दार उघडत नाही आणि माहेरी भावजय आलेली असते. तिला कामाच्या आधी रात्रीचा निवारा लागतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा बायकांबरोबर काम करतोय. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाच्या गावात असं एक तरी ठिकाण असायला हवं, आणि ते सरकारी पैशानं चालायला हवं.

प्रश्न : बाई, आम्ही पारधी समाजाचे. माझ्या पोरानं चोरी केली, त्याची शिक्षा भोगून आला. आता मजुरीला जातो. पण आसपास कुठं चोरी झाली की पोलीस रात्री येऊन त्यालाच उचलतात. मध्ये एकदा चॅप्टर केसही केली. (पत्र नातीच्या हातचं आहे.)

उत्तर : मावशी, रात्री-अपरात्री घरात शिरून माणसावर पाळत ठेवणं घटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच सांगितलंय. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांचा तो खटला. १९८० साली मलक सिंग यांच्या खटल्यात न्यायालय पुन्हा म्हणालं की पोलिसांच्या रजिस्टरात नाव घालायला ठोस कारण लागतं आणि पाळत ठेवली तरी माणसाचं जगणं नासता कामा नये. कायदा तुमच्या बाजूनं आहे. तो तुमच्या दारापर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे.

त्याला कारण आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण तुमच्या घरातही कुणीतरी सांगितली असेल. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तुम्ही विमुक्त दिन पाळता. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ सालचा, आणि नजर तीच राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांतही ती होती. पत्रकार सुकन्या शांता यांनी त्याविरुद्ध याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्तांना सराईत समजण्याच्या वृत्तीवरही त्या निकालात कडक शब्द आहेत.

आता करायचं काय ते सांगते. नातीला हे वाचून दाखवायला सांगा. पोलीस आले तर ‘लेखी नोटीस द्या, आम्ही स्वतः ठाण्यात येतो’ असं शांतपणे म्हणायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाखाली नोटीस देऊन बोलावायचं असतं. अटक केलीच तर घरच्यांना कळवलं पाहिजे आणि चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं केलं पाहिजे. पोरगा मजुरीला जातो तिथल्या मुकादमाकडून हजेरीची वही रोजच्या रोज भरून घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चोरीच्या रात्री तो कुठे होता, याचा पुरावा त्यातूनच निघतो.

चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे, चांगल्या वागणुकीची हमी मागण्याची ती कारवाई आहे. त्यात कारणं दाखवायची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळावीच लागते. फक्त तारखेला गैरहजर राहू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. दाखला जवळ असू द्या. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. एकट्या जाऊ नका, वस्तीतली चार माणसं बरोबर न्या.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये सात वर्षं आत राहिलेला एक वेल्डर कामाला मागतोय. हात चांगला आहे. पण बाकीचे कामगार कुरबुर करतायत, माझ्या घरचेही घाबरतायत. मी काय बघावं?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. कायदे बदलायला वर्षं लागतात, पण तुमच्यासारख्या एका मालकानं हो म्हटलं की एक घर उद्यापासून चालायला लागतं.

आधी गुन्हा आणि काम यांचा संबंध बघा. अफरातफर केलेल्याला पहिल्या दिवसापासून गल्ला देऊ नये, दारू पिऊन गाडीखाली माणूस मारलेल्याला टेम्पोची किल्ली देऊ नये. तुमच्या माणसाचा गुन्हा शेतीच्या बांधावरून झाला की दारूत, हे त्याला समोर बसवून विचारा. काय झालं ते तो कसा सांगतो, स्वतःचा वाटा मान्य करतो की सगळं दुसऱ्यावर ढकलतो, ते ऐका. निकालपत्र मागून वाचा. संचित रजेवर (फर्लोवर) किंवा पॅरोलवर बाहेर आला होता का आणि वेळेवर परत गेला होता का, हे विचारा. रजा मिळालेला माणूस ठरल्या दिवशी स्वतःच्या पायानं गेटवर परत जातो, यासारखी विश्वासाची दुसरी खूण माझ्या पाहण्यात नाही.

कामगारांना काय सांगायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा. माहिती त्याची आहे. लपवाछपवी टिकणार नसेल, तर एकदा त्याच्यासमोरच सांगून टाका आणि वर्कशॉपमध्ये तो विषय पुन्हा काढायचा नाही हेही सांगा. मजुरी बाकीच्यांइतकीच द्या. अडचणीतला माणूस म्हणून कमी पैशात राबवून घेणारे मालक मी खूप पाहिलेत, तो मदतीच्या नावाखाली अन्याय आहे. पैसे बँकेत जमा करा. पहिल्या महिन्यात त्याला उचल लागेल, कारण आतून येताना खिशात फार काही नसतं. तुरुंगातल्या मेहनतीला न्याय्य मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सांगितलं. पण आतल्या मजुरीतून बाहेर संसार मांडता येईल अशी स्थिती अजून नाही. येरवड्यात २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ‘जिव्हाळा’ योजनेतून बंद्यांना ७ टक्के व्याजानं ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देते. त्यातून आतला माणूस घरच्यांचा दवाखाना, मुलांची फी भागवतो. तारण काही नाही, फेड मजुरीतून. बंदीसुद्धा कर्जदार म्हणून उभा राहू शकतो असं एका बँकेला वाटलं, याचं मला मोल वाटतं.

आणखी एक गोष्ट नवख्या मालकांच्या लक्षात येत नाही. सात वर्षं या माणसानं स्वतःच्या हातानं एकही दार उघडलेलं नाही. उठणं, जेवण, आंघोळ, झोप, सगळं दुसऱ्याच्या हुकमानं. तो तुमच्याकडे सुरुवातीला प्रत्येक गोष्टीला परवानगी मागेल, पाणी प्यायलाही विचारेल. काम संपलं तरी पुढचं काय असं न विचारता उभा राहील. बघणाऱ्याला वाटतं, मंद आहे किंवा मनात काही शिजतंय. तसं नसतं. त्याला रोज सकाळी दिवसभराचं काम नीट सांगा आणि मग हळूहळू ठरवणं त्याच्यावर सोपवत जा. मोबाइलवरून पैसे पाठवणं, लिफ्ट, एटीएम यांत चुकला तर पोरांनी हसू नये, एवढं बघा. ठाण्यात हजेरी असेल तर त्या दिवसाची रजा आधीच ठरवून द्या.

घरच्यांची भीती खोटी म्हणू नका. त्यांना वर्कशॉपवर बोलवा, त्याच्याशी भेट घालून द्या. बिनचेहऱ्याच्या माणसाची भीती फार मोठी होते.

प्रश्न : तुम्ही कायम गुन्हेगारांच्याच बाजूनं लिहिता. माझ्या तरण्याताठ्या मुलाला ज्यानं मारलं तो काही वर्षांनी बाहेर येईल आणि तुम्ही त्याला नोकरी मिळवून द्याल. माझ्या मुलाचं पुनर्वसन कोण करणार?

उत्तर : तुमच्या मुलाचं कुणीच करू शकत नाही. ज्यानं मारलं त्याला क्षमा करा असं मी तुम्हाला सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. त्याची शिक्षा कमी व्हावी असंही माझं म्हणणं नाही.

तुमचे म्हणून जे हक्क आहेत ते आधी घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमाखाली गुन्ह्यात बळी गेलेल्यांच्या कुटुंबाला भरपाई मिळण्याची तरतूद आहे. ती राज्य देतं, आरोपीच्या ऐपतीवर ती अवलंबून नाही. न्यायालयाची शिफारस लागते, म्हणून तुमचा अर्ज अजून गेला नसेल तर निकालाची प्रत घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. जन्मठेपेच्या बंद्याला मुदतीआधी सोडायचा विचार झाला, तर तुम्ही आपलं म्हणणं गृह विभागाकडे लेखी पाठवा. पीडित कुटुंबाचा आवाज तिथे वाया जातो असं समजू नका. गुजरात सरकारनं माफी देऊन सोडलेले अकरा जन्मठेपेचे दोषी बिल्किस बानो यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२४ ला पुन्हा तुरुंगात धाडले.

मग मी सुटून आलेल्यांसाठी का धडपडते? जन्मठेप आणि फाशी सोडली, तर आत गेलेला प्रत्येक माणूस एका ठरलेल्या तारखेला बाहेर येणारच असतो, तुमची-माझी इच्छा असो वा नसो. तो ज्या गल्लीत परत येतो तिथे आणखी कुणाची तरी मुलं राहतात. काम, छप्पर, औषध आणि कुणीतरी वाट पाहणारं असेल, तर तो पुन्हा तसल्या वाटेला जाण्याची शक्यता घटते, हे मी वर्षानुवर्षं समोर पाहिलंय. तुमच्यावर आली ती वेळ दुसऱ्या आईवर येऊ नये, यासाठीही मी हे काम करते. हे वाचून तुमचा राग जाईल अशी माझी अपेक्षा नाही. तुमचं पत्र छापण्याचा आग्रह मीच संपादकांकडे धरला, कारण हा प्रश्न टाळून सुधारणांबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

प्रश्न : मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना अटक झाली. जामीनदार मिळाला नाही. चार वर्षं कच्चा कैदी म्हणून आत होतो, मग निर्दोष सुटलो. माझी ही वर्षं कोण भरून देणार? आणि आता पुढे काय करू?

उत्तर : भरून देणारा कायदा आज आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा अशी शिफारस केली, पण तसा कायदा झालेला नाही. तुम्ही एकटे नाही. २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून ठरायचा होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी माणूस आतच राहिला, तर आठवडाभरात ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि महिना उलटला तर न्यायालयानं अट सैल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात, आधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीनं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस यांना ती सवलत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावरच टाकली आहे. तुमच्या वेळी हे असतं तर, असा विचार मलाही शिवून गेला.

आता पुढचं. निर्दोष सुटकेच्या निकालाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा. एक प्रत ज्या ठाण्यात गुन्हा नोंद होता तिथे द्या, पोच घ्या आणि संगणकातल्या नोंदीत निकाल चढवला का ते विचारा. हे केलं नाही तर चारित्र्य पडताळणीत तुमच्या नावापुढे नुसता गुन्हा दिसत राहतो. तुमचे ठसे आणि छायाचित्रं २०२२ च्या कायद्याखाली घेतली असतील, तर अपिलाची वाट संपल्यावर ती नष्ट करायची तरतूद आहे, आधी शिक्षा झालेली नसली पाहिजे. त्यासाठी लेखी अर्ज द्या. फॉर्मवर ‘गुन्हा सिद्ध झाला आहे काय’ असं विचारलं असेल, तर तुमचं खरं उत्तर ‘नाही’ हेच आहे. ते लिहिताना कचरू नका.

शिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात जा. त्यांची केंद्रं कारागृहांतही चालतात, त्यामुळे तिथल्या माणसांना तुमची गोष्ट नवी वाटणार नाही. जुन्या कॉलेजातून पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आधी काढून घ्या. मध्ये पडलेल्या चार वर्षांचं कारण कुणी विचारलं, तर निकालाची प्रत पुढे करा.